जाडेपणाच्या बाजूने चार शब्द

‘सडपातळ’ हा शब्द पूर्वी फक्त लग्नाच्या जाहिरातीत भेटायचा. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ अशा क्रमाने तो यायचा. मुलीला हिशेब येतो का, राग येतो का, मुळात तिला हे स्थळ पसंत आहे का, असल्या किरकोळ चौकशीला त्या तीन ओळींत जागा नसायची. आता तो शब्द लॅपटॉपच्या जाहिरातीत नांदायला गेला आहे. जाडी पंधरा मिलिमीटर, वजन सव्वा किलो, रंग चंदेरी, बॅटरी अठरा तास. फरक एवढाच, की लग्नाच्या जाहिरातीतलं खोटं आठ दिवसांत कळायचं. लॅपटॉपच्या जाहिरातीतलं कळायला एप्रिल महिना उजाडावा लागतो, आणि तोही जळगावात.

मी धंद्याने लेखापरीक्षक. पतसंस्थांची दप्तरं तपासणं आणि चार व्यापाऱ्यांची करविवरणं भरणं यावर आमची चूल पेटते. सहकारी संस्थांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि कायद्याप्रमाणे पुढच्या चार महिन्यांत त्यांची तपासणी पुरी व्हावी लागते. म्हणजे खान्देशातली शहाणी माणसं जेव्हा माठाशेजारून हलत नाहीत, तेव्हा अस्मादिक कीर्द, खतावणी आणि तेरीज यांच्या मागे जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे अशी वारी करत असतात. कायदा करणाऱ्यांनी तो केला तेव्हा हवा बरी असावी.

या वारीत माझ्या सोबतीला एक अडीच किलोचा जुना लॅपटॉप होता. आमचे चिरंजीव पुण्यात नोकरीला आहेत. त्यांना वडिलांच्या खांद्याची दया आली आणि त्यांनी ‘खास व्यावसायिकांसाठी’ बनवलेला एक सडपातळ लॅपटॉप पाठवून दिला. सोबत फोनवर आज्ञा, “बाबा, आता तो डबा फेका.” मी डबा फेकला नाही. आमच्या घरात डबा फेकायची पद्धत नाही, त्यात सौ. डाळ भरते. परंतु नवं यंत्र वर्षभर इमानेइतबारे वापरलं. आणि वर्षभराच्या तपासणीनंतर माझा शेरा असा आहे, की कामाच्या यंत्राची परीक्षा त्याच्या जाडीवरून करणं हा शुद्ध आचरटपणा आहे, आणि तो आचरटपणा आपण पदरचे पैसे मोजून विकत घेत आहोत.

माझं हे मत ऐकून पुष्कळ तरुण मंडळी ‘काका जुन्या वळणाचे’ असं म्हणतात. त्यांना मी आधीच सांगतो, पातळपणाशी माझं वैर नाही. आमच्या खान्देशात खापरावरचे मांडे होतात. हातावर पुरणाची पोळी धोतरासारखी पसरवायची आणि उलट्या खापरावर अलगद टाकायची, याला जे कसब लागतं ते जगातल्या कुठल्याही कारखान्यात सापडणार नाही. पण मांडा पातळ असतो, कारण त्याला घडी होऊन पानात पडायचं असतं. त्याला एस.टी.त बसून धुळ्याला जायचं नसतं. उलट केळी बघा. रावेर-यावलकडचा शेतकरी घड दाखवताना ‘बघा, किती बारीक आहे’ असं म्हणाला तर व्यापारी तो घड आणि शेतकरी दोघांनाही बाजूला काढील. भरताचं वांगं तर जितकं गलेलठ्ठ तितकं मानाचं. वस्तू कशासाठी आहे हे ठरलं की ती किती जाड असावी हे आपोआप ठरतं. लॅपटॉपवाल्यांनी आधी जाडी ठरवली आणि मग ही वस्तू कशासाठी आहे याचा विचार आपल्यावर सोडला.

हे असं का झालं? थोडा इतिहास बघू. १९८१ साली ऑसबॉर्न नावाचा ‘उचलून नेता येणारा’ संगणक निघाला. तो सुमारे अकरा किलोचा होता आणि शिवणयंत्राएवढा दिसायचा. उचलून नेता येण्याजोगा खरा, पण उचलणारा कोण हे सांगितलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, झाकणासारखा उघडणारा ग्रिड कंपास आला. तो सडपातळ होता, देखणा होता, पुढे अंतराळयानातही जाऊन आला. फक्त त्याला बॅटरी नव्हती. त्या काळी वजन कमी करणं ही गरज होती, आणि त्यासाठी ज्यांनी डोकी झिजवली त्यांना माझा नमस्कार. मग २००८ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर स्टीव्ह जॉब्ज यांनी टपालाच्या पाकिटातून एक लॅपटॉप बाहेर काढला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या यंत्राला यूएसबीचं छिद्र एकच होतं, आणि बॅटरी वापरणाऱ्याला बदलता येत नव्हती. पण पाकिटात मावलं की नाही? पाकिटातून बाहेर आलेल्या वस्तूबद्दल लेखापरीक्षकाला उपजतच संशय असतो. सभागृहात लेखापरीक्षक नसावेत. २०११ मध्ये इंटेल कंपनीने ‘अल्ट्राबुक’ ही नवी जात जाहीर केली आणि तिच्या अटींत जाडीची मर्यादाच घालून दिली. तेव्हापासून जो तो पट्टी घेऊन बसला आहे.

आता प्रत्यक्ष वापराकडे येऊ. मराठीत ‘कळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दाबायची आणि दुसरी सोसायची. सडपातळ लॅपटॉपने दोन्ही अर्थ एकत्र आणले. यंत्र बारीक करायचं तर कळ खाली जायला जागा उरत नाही. ती जेमतेम दीड मिलिमीटर दबते, काही यंत्रांत त्याहूनही कमी. शंभर खात्यांच्या बाक्या टाकल्या की टेबलावर बोटं आपटल्यासारखं वाटतं.

पण त्याहून मोठी गंमत उजव्या हाताला आहे. म्हणजे नाही आहे. आकड्यांच्या कळांचा तो वेगळा चौकोन, ज्याच्यावर हिशेबनिसाची बोटं न बघता चालतात, तो या बारक्या यंत्रांतून बहुतेक उडालेला असतो. ‘व्यावसायिकांसाठी’ असं वर छापायचं आणि आकड्यांचा चौकोन काढून टाकायचा, म्हणजे ‘खास स्वयंपाक्यांसाठी’ म्हणून चुलीविना घर विकण्यासारखं आहे. रुपयाचं नवं चिन्ह २०१० साली आलं, ते मात्र इमानाने चारच्या कळेवर छापलेलं आहे. रुपया दिला आणि रुपये मोजायच्या कळा काढून घेतल्या!

छिद्रांची तीच कथा. आमच्या धंद्यात डिजिटल सहीचं टोकन असतं. दिसायला पेनड्राइव्हसारखं, पण त्याच्याशिवाय निविदा हलत नाही आणि कंपनीचं विवरणपत्र सहीअभावी ताटकळतं. ते जुन्या चौकोनी छिद्रात बसतं. नव्या यंत्राच्या कडेला दोन लंबगोल छिद्रं आहेत, त्यांतलं एक चार्जरने अडवलेलं. चौकोनी छिद्रासाठी जागा नाही, कारण यंत्र बारीक! मग आम्ही गोलाणी मार्केटात जाऊन एक डोंगल आणलं. मग छापखान्यासाठी दुसरं, सभागृहातल्या प्रोजेक्टरसाठी तिसरं. आता लॅपटॉप सव्वा किलोचा आहे आणि त्याच्या पोराबाळांची पिशवी पाऊण किलोची. सून नाजूक आहे हो, पण माहेरची माणसं फार येतात.

आता मुख्य खातं, बॅटरी.

‘अठरा तास’ हा आकडा खोट्यावर झिरोचा बल्ब लागावा इतका ठळक छापलेला असतो. आकडा दिसला की तो ताडून बघणं ही आमची खोड. माझ्या यंत्राच्या बॅटरीत ५७ वॉट-तास एवढी वीज मावते. ही काही अफाट पुंजी नव्हे. आमचा पंचाहत्तर वॉटचा जुना छतपंखा त्यावर पाऊण तास फिरेल आणि थांबेल. आता ५७ ला १८ ने भागा. येतात तीन वॉट आणि वर थोडी चिल्लर. म्हणजे पडदा, प्रोसेसर, पंखा, वायफाय सगळं मिळून हे यंत्र तासाला देवघरातल्या दिव्याइतकी वीज खाणार. माणूस इतक्या कमी आहारावर राहतो तेव्हा त्याला आपण साधू म्हणतो आणि त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवत नाही.

खुलासा तळाशी, मुंगीच्या अक्षरांत असतो. यंत्रातच साठवलेला सिनेमा चालू ठेवायचा, नेट बंद, पडद्याचा उजेड १५० निट, म्हणजे निम्म्याहून कमी. या परिस्थितीत अठरा तास. अठरा तास सिनेमा बघणारा व्यावसायिक कुठला व्यवसाय करतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. खऱ्या कामात, उजेड पुरेसा ठेवून, नेट जोडून, दहा कोष्टकं उघडली की यंत्र आठ-दहा वॉट ओढतं. भागाकार पुन्हा करा, सहा-सात तास. त्यात कुणी साहेबांनी बैठक पडद्यावरच घ्यायचं मनात आणलं की चार. हे नव्या बॅटरीचं झालं. तीनशे-पाचशे वेळा भरली-उतरली की तिची ताकद साधारण ऐंशी टक्क्यांवर येते, आणि हे गणितसुद्धा थंड हवेतलं.

थंड हवेतलं, हे महत्त्वाचं. पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पुस्तिकेत एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. ‘चालवण्याचं तापमान : ५ ते ३५ अंश सेल्सिअस.’ काही कंपन्या खालची मर्यादा दहा ठेवतात. वरची बहुधा पस्तीसच. आता आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. पस्तीस अंश म्हणजे आम्ही ‘आज जरा गार आहे’ म्हणतो. इकडे धुळ्याचा हिवाळा असा, की काही पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. म्हणजे जळगावचा मे वरच्या मर्यादेच्या बाहेर आणि धुळ्याची जानेवारी खालच्या मर्यादेच्या उंबऱ्यावर! करार नीट वाचला तर हे यंत्र खान्देशात पावसाळ्यापुरतं पाहुणं म्हणून येऊ शकतं.

यात थट्टेचा भाग सोडला तरी शास्त्र सरळ आहे. प्रोसेसर तापतो, ती उष्णता पंखा बाहेरच्या हवेत टाकतो. बाहेरची हवाच त्रेचाळीस अंशांची असली तर टाकायचं कुठे? यंत्र जाड असतं तर आत मोठा पंखा, मोठा धातूचा पसारा आणि हवेला फिरायला वाट मिळाली असती. बारीक यंत्रात पंखा बशीएवढासुद्धा नसतो. तो कण्हतो, आणि शेवटी प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. शिवाय हवा आत घ्यायची छिद्रं बहुधा पोटाखाली असतात. आमच्याकडच्या जुन्या पेढ्यांवर अजून गादी-लोड आहेत. गादीवर ठेवलंत की नाक दाबलंच. बॅटरीला तर उष्णता विषासारखी. आतली रसायनं लवकर झिजतात आणि झीज भरून येत नाही. बॅटरीच पंचेचाळीसच्या वर तापली तर पुष्कळ यंत्रं चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. दुपारी दीड वाजता, गेलेली वीज नेमकी परत आलेली असताना!

विश्वेश्वरय्या १८८४ साली तरुण अभियंता म्हणून मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, तेव्हा धुळ्याच्या बाजूला पांझरेच्या पात्रातून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं. नदीच्या पुराशी त्यांची तिथे गाठ पडली. पुढे एवढा मोठा झालेला माणूससुद्धा पूर पाहून मगच नळ टाकत होता. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी निदान एकदा मे महिन्यात एरंडोलच्या स्टँडवर येऊन बसावं. रसवंतीचे पैसे मी देईन.

आता कुणी म्हणेल, अहो, यंत्र तासभर आधी बंद पडलं तर कुठे आकाश कोसळलं? ठीक आहे, ऐका.

गेल्या मे महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी कर्जखाती तपासत होतो. सकाळी जळगावहून निघताना बॅटरी शंभर टक्के. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा प्रवास, मग काम. बारा वाजता वीज गेली. दीड वाजता यंत्र मंदावलं, अडीचला पडदा काळा. मुदत ठेवींची यादी निम्मी ताडून झाली होती. व्यवस्थापक अत्यंत अदबीने म्हणाले, “राहू द्या साहेब, उद्या बघू.”

पतसंस्थेत ‘उद्या’ हा फार धोक्याचा शब्द आहे. एका रात्रीत खतावणीत काय काय उगवतं हे मी तीस वर्षं पाहतो आहे. आणि जळगाव जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या तेव्हा काय झालं, हे ठेवीदारांना विचारा. निवृत्तीचे पैसे ठेवलेले मास्तर, मुलीच्या लग्नाची पुंजी ठेवलेल्या बाया पावत्या हातात घेऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिल्या. मी त्या दिवशी उरलेली यादी पेन्सिलीने कागदावर ताडली, सहा वाजेपर्यंत. काम झालं. पण झालं ते पेन्सिलीमुळे; आणि तिच्या जाहिरातीत ती किती बारीक आहे हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या संस्थेचे चेअरमन जुने शेतकरी. दुपारभर ते माझ्या यंत्राकडे बघत होते. शेवटी त्यांनी ते उचलून उन्हाकडे धरलं आणि विचारलं, “साहेब, हाई काय शे? पापड शे का?” मी म्हटलं, लॅपटॉप आहे, बॅटरी संपली. ते म्हणाले, “मंग दुसरी टाका ना. मन्ही मोटारसायकलनी बॅटरी उतरनी ते मी आग्रा रोडवर बदली लेस. हाईनी काबर बदलता येत नही?”

हा प्रश्न मी नंतर एका दुरुस्ती केंद्रात जसाच्या तसा, फक्त प्रमाण मराठीत, विचारला. उत्तर मिळालं, की बॅटरी आत पक्की बसवलेली आहे, यंत्र बाहेरगावी पाठवावं लागेल, आठ-दहा दिवस लागतील आणि आतल्या माहितीची हमी नाही. म्हणजे शेकडो ठेवीदारांची नावं आणि रकमा कुरिअरवाल्याच्या हवाली! का, तर बॅटरी काढायची सोय ठेवली असती तर दोन-चार मिलिमीटर जाडी वाढली असती.

ही सोय अशक्य आहे असं मात्र कुणी सांगू नये. २०१८ साली थिंकपॅडचा टी-४८० नावाचा लॅपटॉप निघाला. त्याला आत एक छोटी बॅटरी आणि मागे एक निघणारी. दोन खिट्ट्या सरकवायच्या, रिकामी काढायची, भरलेली लावायची. आतल्या बॅटरीवर यंत्र तोवर चालूच. आपल्या पाच कंदील चौकात उभ्या उभ्या बदलता यावी अशी सोय. पुढच्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ टी-४९० आला, तो अधिक सडपातळ, आणि मागची बॅटरी गायब. लोकांनी मागितलं होतं म्हणतात. मला तर कुणी विचारलं नाही. तुम्हांला विचारलं होतं का?

चिरंजीवांची बाजूही मांडतो, नाहीतर तपासणी एकतर्फी होईल. वजन कमी झालं हे खरं, आणि माझ्या खांद्याला ते मान्य आहे. आतली फिरती तबकडी गेली, त्यामुळे पारोळ्याच्या अलीकडले गचके आता यंत्राऐवजी फक्त मला बसतात. आणि २०२० नंतर आलेल्या काही नव्या घडणीच्या प्रोसेसरांनी खरोखरच कमी वीज खाऊन जास्त तास दिले, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. पण माझा मुद्दा तिथेच पक्का होतो. वीज वाचली ना? मग ती बचत ग्राहकाच्या खात्यात जमा करा. तास वाढवा, पंखा मोठा करा, छिद्रं परत द्या. बचत झाली रे झाली, की ती आणखी बारीक होण्यात उधळायची, याला आमच्या भाषेत निधी दुसरीकडे वळवणं म्हणतात, आणि त्यावर शेरा मारावा लागतो.

युरोपातल्या लोकांनी शेरा मारलाही. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांचा कायदा केला. त्याप्रमाणे, काही अपवाद सोडून, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्याकडे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढलं. संकेतस्थळ चांगलंच आहे, पण ते पाहायला लॅपटॉप चालू असावा लागतो.

तेव्हा परीक्षकांना माझी सूचना आहे. वातानुकूलित खोलीत बसून झाकणाच्या चकाकीला दहापैकी नऊ गुण देणं बंद करावं. यंत्र मे महिन्यात सकाळी सातच्या एस.टी.ने जळगावहून धुळ्याला न्यावं. पंख्याखाली, वीज असेल-नसेल तसं, सहा तास आकडे टाकावेत. डिजिटल सहीचं टोकन डोंगलशिवाय लावून दाखवावं. संध्याकाळी परत येऊन गोलाणी मार्केटमधल्या पहिल्या भेटेल त्या कारागिराकडून अर्ध्या तासात बॅटरी बदलून घ्यावी. एवढं झालं तर जाडी वीस मिलिमीटर असो की पंचवीस, मी स्वतः प्रमाणपत्रावर सही करीन, चौकोनी टोकनाने.

आणि ज्यांना एवढं करूनही पातळच हवं असेल, त्यांनी आमच्याकडे जेवायला यावं. सौ. मांडे फार सुरेख करते.